फासे, सूत्रधार आणि अपुरी गोष्ट

गोष्ट सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही कथाकथनाची जुनी घडण होय. आजीच्या गोष्टीत नातवंडाला ‘मग पुढे काय झाले?’ एवढेच विचारावयाचा अधिकार असतो. ‘राजपुत्राने त्या वाटेने जाऊ नये’ असे त्याने कितीही तळमळून सांगितले, तरी राजपुत्र त्याच वाटेने जावयाचा. परंतु श्रोत्याच्या शब्दासरशी राजपुत्राने खरोखरच वाट बदलली, तर गोष्टीचे काय होईल? एकच कथा ग्रंथ, चित्रपट आणि संगणकावरील खेळ यांतून सांगावयाची आणि तीत प्रेक्षकालाही वाटेकरी करून घ्यावयाचे, असा जो उद्योग आज जगभर चालला आहे, त्याच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना एका साध्या बैठ्या खेळाकडे वळणे उपयुक्त ठरते. एक मेज, थोडे कागद, शिसपेन्सिली आणि काही फासे एवढेच त्याचे साहित्य. त्याला भूमिकाखेळ म्हणता येईल.

या खेळाचे मूळ कथेत नसून युद्धशास्त्रात आहे. प्रशियाच्या सैन्यातील गेऑर्ग हाइनरिश फॉन राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात उभय पक्ष आपल्या आज्ञा एका पंचाला कळवीत. पंच फाशांच्या साहाय्याने हानी ठरवी आणि ज्या पक्षाला जेवढे दिसणे शक्य, तेवढेच त्याला सांगे. पुढे १८७६ साली फॉन व्हेर्दी या सेनानीने नियमांचे जंजाळ बाजूस सारून पंचाच्या अनुभवी विवेकावर भर दिला. माणसाला सुचणाऱ्या सर्व युक्त्या नियमांच्या पुस्तकात मावत नाहीत, हे यामागील मर्म होय.

या पंचाचा कथेचा सूत्रधार कसा झाला, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात डेव्हिड वेस्ली याने ब्राउनस्टाइन नावाच्या एका कल्पित जर्मन गावाचा खेळ मांडला. सैन्याच्या पलटणींबरोबरच त्याने खेळाडूंना गावातील व्यक्तींच्या भूमिका दिल्या. युद्ध सुरू व्हावयाचे राहिले बाजूला. मंडळी कोपऱ्यात जाऊन परस्परांशी कारस्थाने करू लागली आणि दोघांनी तर द्वंद्वयुद्धही आरंभिले! खेळ फसला अशी वेस्लीची समजूत झाली. खेळाडू मात्र ‘पुन्हा केव्हा?’ म्हणून त्याच्या मागे लागले. त्यांच्यापैकी डेव्ह आर्नेसन याने पुढे गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ रचला आणि तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

खेळाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सूत्रधार सांगतो, ‘नदीला पूर आला आहे. पूल मोडला आहे. नावाडी पलीकडे नेण्यास तयार नाही.’ एक खेळाडू नावाड्याला लालूच दाखवितो, दुसरा थाप मारतो, तिसरा पुरात उडी घेतो. यांतील कोणतीच गोष्ट सूत्रधाराने आधी लिहून ठेवलेली नसते. उडी घेणे अवघड आहे असे वाटल्यास तो वीस पैलूंचा फासा टाकावयास सांगतो; बारा किंवा अधिक पडल्यास पैलतीर. दान उलटे पडले तरी कुशल सूत्रधार कथा थांबवीत नाही. खेळाडू वाहत वाहत भलत्याच गावी लागतो आणि तेथून नवी कथा सुरू होते. तात्पर्य, सूत्रधाराने शेवट रचावयाचा नसतो, प्रसंग रचावयाचा असतो. आणि खेळाडूच्या निर्णयाचे खरे फळ, गोड असो वा कडू, त्याच्या पदरात टाकावयाचे असते.

हे तत्त्व दुसऱ्या माध्यमात नेताना कसोटी लागते. १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ या नावाने खेळाची साहसे आणि मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या बरोबरीनेच निघू लागल्या. कादंबरीच्या पुढील भागात ज्या नायकाला जिवंत राहणे भाग आहे, तो खेळात मारला गेला तर? अशा वेळी मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्याला परत आणता येईल, अशी तोड त्या साहसांतच सुचविलेली होती. कथा बचावली, पण ज्या संकटात मरण नाही, त्यात धैर्याला तरी काय मोल उरले? जपानमध्ये क्रम उलटा होता. तेथे एका खेळाच्या बैठकींतील संवाद १९८६ सालापासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात छापले गेले. बैठकींचा सूत्रधार र्यो मिझुनो याने १९८८ साली त्यांवरून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि १९९० साली त्या कथेची चित्रमालिका झाली. येथे खेळाडूंनी आधी मोकळेपणाने निर्णय घेतले आणि मग लेखकाने त्यांतून निवड केली.

अर्थात कादंबरी होताच निवडीचे स्वातंत्र्य संपले, हेही खरेच. छापील पानाला वाचकाचा प्रश्न ऐकू येत नाही आणि संगणकाचा खेळही रचनाकाराने योजलेल्या वाटांपलीकडे सहसा जात नाही. म्हणून प्रत्येक माध्यमाकडून सर्व काही मागणे व्यर्थ होय. पुस्तकाने पात्राचे अंतरंग उलगडावे, चित्रपटाने देखावा उभा करावा, आणि ज्या ठिकाणी प्रेक्षकाला निर्णय दिला असेल, त्या ठिकाणी तो निर्णय मनापासून पाळावा. प्रेक्षकाला दोन दारे दाखवून दोन्हींतून एकाच खोलीत नेणे ही फसवणूक आहे आणि ती ओळखावयास त्याला फार वेळ लागत नाही.

वेस्लीला ज्या क्षणी आपला खेळ हातचा गेला असे वाटले, त्याच क्षणी तो खेळाडूंचा झाला होता. इतरांना आपल्या कथेत बोलाविणाऱ्याने तिचा थोडा भाग अपुरा ठेवावयास शिकले पाहिजे.