ऊसदर आणि डब्ल्यूटीओ: चार गैरसमज

कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ आली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या निवृत्ती चौकात चहाबरोबर ऊसदर निघतोच. राहायला पेठेत आणि ऊस करवीर-राधानगरीत, अशी घरं इथं आहेत. दर का वाढत नाही, यावर ‘डब्ल्यूटीओनं (जागतिक व्यापार संघटनेनं) हात बांधलेत’ हे उत्तर ठरलेलं. त्यात तथ्य किती?

गैरसमज: श्रीमंत देशांनी मिळून भारताला कोंडीत पकडलं.
वस्तुस्थिती: 2019 मध्ये भारताच्या ऊसदराविरुद्ध आणि साखर निर्यातीच्या मदतीविरुद्ध डब्ल्यूटीओत तक्रार केली ती ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने. तिघांतले दोन देश आपल्यासारखेच विकसनशील. ब्राझील तर साखर निर्यातीत जगात पहिला. भांडण गिऱ्हाइकाचं आहे.

गैरसमज: एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) कारखाना देतो, मग ते सरकारी अनुदान कसं?
वस्तुस्थिती: भारताने जिनिव्हात, डब्ल्यूटीओच्या पॅनेलपुढे हाच मुद्दा मांडला. 14 डिसेंबर 2021 च्या अहवालात पॅनेलने तो फेटाळला. पैसे कुणीही देवो, दर सरकार ठरवतं ना, मग ती मदतच, असं त्यांचं म्हणणं. विकसनशील देशांना अशा मदतीची मर्यादा उत्पादनमूल्याच्या 10 टक्के आहे, विकसितांना 5. सवलत आहे, पण आजची एफआरपी 1986-88 च्या आंतरराष्ट्रीय दराशी ताडून पाहिली जाते. पस्तीस-चाळीस वर्षांची महागाई त्या हिशेबात धरतच नाहीत. निर्यातीची मदत मात्र खरोखर तिजोरीतून जात होती. 2019-20 ला ती टनामागे 10,448 रुपयांपर्यंत होती.

गैरसमज: खटला हरलो, आता एफआरपी जाणार.
वस्तुस्थिती: डिसेंबर 2021 मध्येच भारताने अपील केलं. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डब्ल्यूटीओचं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे. निकाल लोंबकळत पडला. दरम्यान एफआरपी 2021-22 च्या 290 रुपये क्विंटलवरून 2025-26 ला 355 वर गेली.

गैरसमज: निर्यात डब्ल्यूटीओने रोखली.
वस्तुस्थिती: 2021-22 मध्ये सुमारे 110 लाख टन साखर बाहेर गेली. 1 जून 2022 पासून निर्यातीवर बंधनं घातली ती केंद्र सरकारने, देशातले भाव चढू नयेत म्हणून. 2023-24 ला निर्यात जवळपास बंदच होती; पुढच्या हंगामात 10 लाख टनांना परवानगी मिळाली.

श्रीमंत देशांची दारंही सताड उघडी नाहीत. सवलतीच्या आयातकरात अमेरिका भारताकडून वर्षाला साधारण साडेआठ हजार टन साखर घेते. रोज 5,000 टन गाळप आणि 12 टक्के साखर उतारा असलेला आपल्याकडचा एक कारखाना एवढी साखर पंधरवड्यात काढतो.

तेव्हा उतारा किती धरला, तोडणी-वाहतूक किती कापली, हे कारखान्याला विचारायचं. निर्यातीचा कोटा किती आणि कधी, हे दिल्लीला. जिनिव्हाचा नंबर त्यानंतर.