पांढरीखालचं मडकं

माठ विकत घेताना तो वाजवून बघायची सवय अजून सुटलेली नाही. मीरा-भाईंदरच्या पेणकरपाड्यात मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला माठ मांडले जातात आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच जागी पणत्यांचे ढीग येतात. गिऱ्हाईक बोटं मुडपून माठाच्या पोटावर टकटक करतं. टण् वाजला तर भाजणी पक्की. भद् वाजला तर कच्चा राहिलाय, नाही तर कुठेतरी चीर आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भाजलेल्या मडक्यांची खापरंही अशीच टणत्कार करतात. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला जोर्वे खापर ओळखायला शिकवताना रंगाबरोबर त्याचा आवाजही सांगतात.

ते खापर पेणकरपाड्यात मात्र सापडायचं नाही. मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक. या बेटावर माणसाचा वावर फार जुना आहे. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या संशोधकाने इथून जवळच, कांदिवलीत, अश्मयुगीन हत्यारं गोळा केली होती. पुढचा मोठा पुरावा खाडीपलीकडच्या सोपाऱ्याचा. तिथला बौद्ध स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला. मधल्या काळातले, तांबं आणि दगड एकत्र वापरणारे, चाकावर सुबक भांडी घडवणारे शेतकरी कोकणपट्टीत उतरलेच नाहीत. त्यांची गावं बघायची तर घाट चढावा लागतो.

घाटावरच्या गावांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द रोजच्या बोलण्यातले. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण आणि उकिरडा साचून जे टेकाड होतं, त्याची माती पांढुरकी दिसते. घराच्या धाब्यावर टाकायला ती उत्तम, म्हणून लोकांनी ती गाड्या भरभरून नेली. महाराष्ट्राचा निम्मा प्राचीन इतिहास असा छपरावर गेला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही. उरलेल्या पांढरींपैकी एक संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावची. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. त्यात मिळालेल्या भांड्यांच्या तऱ्हेला गावाचंच नाव पडलं. आज जगभरच्या पुस्तकांत दख्खनच्या त्या शेतकऱ्यांना ‘जोर्वे संस्कृती’चे लोक म्हणतात.

या तऱ्हेचा तोटीचा चंबू जवळून बघण्यासारखा असतो. तोंड बाहेर फाकलेलं, गळा आवळलेला, पोट गोल, आणि खांद्यावरून तिरकी वर आलेली नळीसारखी तोटी. माती बारीक चाळलेली. रंग विटकरी ते नारिंगी, आणि पृष्ठभागाला चकाकी नाही. त्यावर भाजण्याआधी काळ्या रंगाने काढलेली नक्षी: आडव्या रेघा, रेघांनी भरलेले त्रिकोण, शिडीसारखे पट्टे. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. एखाद्या ठिकाणी पट्टा जिथून सुरू झाला तिथे परत येऊन नीट जुळलेला नसतो. चाक फिरत होतं, हात थोडा हलला. कुंभाराचं नाव कधीच कळणार नाही, पण त्याची ती चूक मात्र शाबूत आहे.

लाल मडकं आणि त्यावर काळी नक्षी. हेच वर्णन जोर्वेच्या तीस वर्षं आधी चीनमध्ये एकाने आपल्या टिपणवहीत केलं होतं. योहान गुन्नार आंदेर्सॉन हा स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ १९१४ पासून चिनी सरकारचा खाणकामाचा सल्लागार होता. कोळसा आणि लोखंड शोधता शोधता त्याला जीवाश्मांचा नाद लागला आणि जीवाश्मांमागे फिरताना खापरं सापडली. १९२१ च्या शरद ऋतूत हनान प्रांतातल्या यांगशाव गावाजवळ त्याने खणायला घेतलं. तोवर चीनचा प्राचीन इतिहास म्हणजे ग्रंथांतल्या राजांच्या वंशावळी. लिहिणं येत नसलेले, राळा पिकवणारे, डुकरं पाळणारे आणि रंगीत मडकी घडवणारे चिनी शेतकरी कुणाच्या हिशेबातच नव्हते.

ही मडकी आली कुठून? आंदेर्सॉनने तुर्कमेनिस्तानातलं अनाऊ आणि युक्रेनकडचं त्रिपोल्ये इथली रंगीत भांडी शेजारी ठेवून पाहिली. नक्षी सारखी वाटली. निष्कर्ष निघाला की रंगीत मडकं पश्चिमेकडून चीनमध्ये आलं. इथल्या वाचकाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल. सांकळियांनाही नर्मदाकाठच्या नावडातोलीचे पन्हाळीसारख्या तोटीचे पेले पाहून इराणच्या सियाल्कची आठवण झाली होती, आणि त्या दिशेने लोक आले असावेत असं त्यांनी मांडलं होतं. दोघेही उथळ नव्हते. हाती कालमापनाचं साधन नसताना साम्याखेरीज धरायला काही नसतं, इतकंच. पण साम्य ही फसवी गोष्ट आहे. वारली चित्रातला त्रिकोण आणि जोर्वे चंबूवरचा त्रिकोण सारखा दिसतो, म्हणून एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही.

आंदेर्सॉनचं कोडं सुटलं ते एका कबरीत. कान्सू प्रांतात त्याने संस्कृतींचा क्रम लावला होता. त्यात साध्या भांड्यांची छीज्या संस्कृती आधी आणि रंगीत भांड्यांची यांगशाव नंतर, असं ठरवलं होतं. साधं आधी, नक्षीदार नंतर, हा तर्क सरळ दिसतो. १९४५ मध्ये शिया नाय या चिनी पुरातत्त्वज्ञाने यांगवावान इथे छीज्या लोकांच्या दोन कबरी उघडल्या. कबरीत ठेवलेली भांडी छीज्या तऱ्हेचीच होती. पण खड्डा बुजवताना जी माती लोटली होती, तिच्यात यांगशावची रंगीत खापरं होती. खड्डा बुजवणाऱ्यांनी आसपासची माती ओढली आणि तिच्यातली जुनी, फुटकी खापरं आपसूक आत गेली. म्हणजे छीज्यांनी कबर खणली तेव्हा यांगशावची मडकी फुटून मातीत मिसळून गेलेली होती. क्रम उलटा होता. मूठभर खापरांनी तो फिरवला, कारण ती नेमकी कुठे पडली होती ते शियाने पाहिलं होतं.

हे बघणं तो कुठे शिकला? इंग्लंडात. मेडन कॅसल या टेकडीवर मॉर्टिमर व्हीलरच्या उत्खननावर त्याने धडे घेतले होते. सांकळियांनीही तिथेच, त्याच गुरूच्या हाताखाली चर खणायचे धडे घेतले. मुंबईत जन्मलेला एक आणि वनचौचा दुसरा, १९३० च्या दशकात एकाच इंग्रजी टेकडीवर एकच गोष्ट शिकले: वस्तू किती सुंदर आहे ते नंतर बघा, आधी ती कुठल्या थरात आहे ते लिहा. व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले आणि तक्षशिलेला त्यांनी हीच शाळा भरवली. मराठी पुरातत्त्वाच्या कथेत ही इंग्लंडची टेकडी फारशी येत नाही. यायला हवी.

थरांचं हे गणित महाराष्ट्रात सर्वांत छान उलगडलं दायमाबादला. श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचंच हे ठिकाण १९५८ मध्ये बा. प्र. बोपर्डीकरांच्या नजरेस आलं. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शेवटी शां. अ. साळी यांनी ते खणलं. तळाशी सावळदा तऱ्हेची भांडी, त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, मग माळवा आणि सगळ्यांत वर जोर्वे. एकावर एक पाच वस्त्या. जोर्वेचा कुंभार कुणी परका नव्हता. माळव्याच्या कुंभारांच्या हाताखालून तो वर आला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात कर्ब-१४ पद्धतीने दख्खनच्या कोळशाचं वय काढायला सुरुवात झाली आणि या क्रमाला वर्षांचे आकडेही मिळू लागले.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढा काळ खणलं. सांकळिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या तिघांचं ते काम. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या नऊशे वर्षांत गावात पाटाने पाणी आलं, जव पिकले, कुंभाराची गोल भट्टी धगधगली. पण इनामगाव लक्षात राहतं ते घरांच्या जमिनीखालच्या मडक्यांसाठी.

तिथे लहान मूल गेलं की त्याला गावाबाहेर नेत नसत. घरातच जमिनीत खड्डा खणत. करड्या रंगाची, हाताने घडवलेली दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावत आणि आत मूल ठेवत. बाजूला तोटीचा चंबू, एखादा वाडगा. वर जमीन सारवून त्याच घरात पुढे राहत. मोठ्या माणसांना मात्र आडवं पुरत, आणि बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेला चालत परत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. मुलांना ती भीती लावलेली नव्हती. एका मोठ्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट फुगलेल्या मातीच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष मिळाला. त्याचे पाय शाबूत होते. गावचा प्रमुख असावा, असं ढवळीकरांनी मानलं.

असंच काहीसं चीनमध्येही दिसतं. शीआनजवळ बानपो हे यांगशाव काळातलं गाव १९५४ ते १९५७ मध्ये खणलं गेलं. मोठी माणसं खंदकापलीकडच्या दफनभूमीत, आणि मुलं घरांजवळ, मडक्यांत. अशी सत्तरहून अधिक बालदफनं मिळाली. मडकं उभं, वर झाकण म्हणून वाडगा, आणि कित्येक वाडग्यांच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं लहानसं भोक. जीव ये-जा करावा म्हणून ते ठेवलं असावं, असं चिनी अभ्यासक म्हणतात. माणसाचा चेहरा आणि मासे रंगवलेलं बानपोचं जे भांडं जगभरच्या पुस्तकांत छापतात, तेही मुळात अशाच मुलाच्या मडक्यावरचं झाकण होतं. चित्र पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असतं.

बानपो आणि इनामगाव यांच्यात जवळजवळ तीन हजार वर्षांचं आणि अख्ख्या हिमालयाचं अंतर आहे. इथे आंदेर्सॉनची चूक पुन्हा करायची नाही. कुणी कुणाकडून काही शिकलं नव्हतं. नेवाशाला तांब्याच्या मण्यांच्या माळेत कापसाबरोबर रेशमाचा तंतू मिळाल्याची नोंद आहे. ती ऐकली की लोक लगेच चीनचा रस्ता आखतात. पण टसरसारखं रानरेशीम याच देशातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतं. खरं तर मडक्याचा शोधही एकदाच लागलेला नाही. च्यांगशी प्रांतातल्या शियानरनतुंग गुहेतली खापरं सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची आहेत. शेतीच्या कितीतरी आधी, शिकार करून आणि कंदमुळं वेचून जगणाऱ्यांनी ती भाजली.

इनामगावच्या अखेरच्या तीनशे वर्षांत मडकीच सांगतात की दिवस वाईट आले. भांडी जाडी-भरडी झाली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, असं उत्खननकर्त्यांनी मांडलं. जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी मुलांचे दात आणि हाडं तपासली, आणि नंतरच्या अभ्यासांत या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. इ.स.पू. ७०० च्या सुमाराला गाव ओस पडलं.

आता दायमाबादचीच एक गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा प्रपंच. १९७४ मध्ये तिथे झाडाचा बुंधा खणताना गावकऱ्यांना ब्रॉन्झच्या चार जड प्रतिमा मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भारतीय धातुकलेतलं ते अव्वल काम. पण त्या बाहेर निघाल्या तेव्हा थर टिपायला कुणी नव्हतं. साळींनी नंतर तिथे खणून त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या. धर्मपाल अग्रवालांनी धातूतल्या एक टक्क्याहून जास्त आर्सेनिककडे बोट दाखवून शंका घेतली. वाद अजून मिटलेला नाही. कान्सूतल्या कबरीत मूठभर खापरांनी जे सांगितलं, ते इथे चार भारदस्त प्रतिमांना सांगता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नगर, नाशिक, पुण्याकडे गावी जाणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. पांढरीच्या टेकाडावर किंवा विहिरीच्या कडेला काळ्या रेघांचं लाल खापर दिसलं, तर वाजवून बघायचा मोह आवरा. ते उचलू नका. आहे तिथेच त्याचा फोटो काढा, गाव आणि गट क्रमांक लिहून घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.