नियमशास्त्राचा गाभा : वेदीपाशी ठेवलेले अर्पण



धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी दहा आज्ञा तोंडपाठ केल्या आहेत. पापनिवेदनाची तयारी करताना त्या एकेक करून आठवतो आणि आपली सदसद्विवेकबुद्धी तपासून पाहतो. पाचव्या आज्ञेपाशी आलो की आपल्यापैकी बरेच जण फारसे थांबत नाहीत. आपल्या हातून कोणाचा वध झालेला नाही, तेव्हा ही आज्ञा तरी आपण निश्चित पाळली आहे, असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते. प्रभू येशूने मात्र पर्वतावरील प्रवचनात परमेश्वराच्या नियमशास्त्राचा सखोल अर्थ उलगडून दाखविताना सुरुवात नेमकी याच आज्ञेपासून केली (मत्तय ५:२१). जी आज्ञा ऐकणाऱ्यांना सर्वांत सोपी वाटत होती, तीच त्याने सर्वांत आधी हाती घेतली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आधी मुक्ती, मग आज्ञा

'नियमशास्त्र' हा शब्द ऐकताच न्यायालय, कलमे आणि शिक्षा आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. मूळ हिब्रू शब्द 'तोरा' असा आहे आणि त्याचा अर्थ 'शिकवण' किंवा 'मार्गदर्शन' असा होतो. बाप मुलाला वाट दाखवितो, तसा काहीसा भाव त्या शब्दात आहे.

दहा आज्ञांचा आरंभही आज्ञेने होत नाही. मिसर देशातील दास्यातून ज्याने तुम्हांला बाहेर काढले तोच मी तुमचा परमेश्वर, अशी ओळख देव प्रथम करून देतो (निर्गम २०:२). समुद्रातून पार होण्याची घटना निर्गमच्या चौदाव्या अध्यायात येते. सिनाय पर्वताचे दर्शन एकोणिसाव्या अध्यायात घडते. म्हणजेच सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर मिळाल्या. आज्ञा पाळल्याचे बक्षीस म्हणून इस्राएलला स्वातंत्र्य मिळाले नाही. मिळालेले स्वातंत्र्य टिकावे, मुक्त झालेल्या लोकांनी एकमेकांना पुन्हा दास करू नये, यासाठी त्यांना आज्ञा देण्यात आल्या.

शब्बाथाची आज्ञा पाहा. ती पवित्र शास्त्रात दोनदा येते, पण तिची कारणे वेगळी आहेत. निर्गमाच्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण दिले आहे (निर्गम २०:११). अनुवादाच्या पुस्तकात मात्र, तुम्ही स्वतः मिसरात दास होता याची आठवण ठेवा, म्हणून तुमच्या दासदासींनाही विसावा मिळू द्या, असे सांगितले आहे (अनुवाद ५:१४-१५). एकच आज्ञा देवाशी असलेले आपले नाते जपते आणि घरात राबणाऱ्या माणसाशी असलेले नातेही जपते. यहुदी परंपरेने नियमशास्त्रातील एकूण ६१३ आज्ञा मोजल्या आहेत. त्यांपैकी २४८ विधायक व ३६५ निषेधात्मक आहेत. या सर्वांचा आधार प्रभू येशूने दोनच आज्ञांत दाखविला : देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे (मत्तय २२:३७-४०). या दोन्ही आज्ञा जुन्या करारातीलच आहेत. पहिली अनुवाद ६:५ मधून आणि दुसरी लेवीय १९:१८ मधून.

रद्द नव्हे, परिपूर्ण

नियमशास्त्र रद्द करण्यास नव्हे, तर ते परिपूर्ण करण्यास आपण आलो आहोत, असे प्रभू स्पष्टपणे सांगतो (मत्तय ५:१७). तरीही दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने जुना करार पूर्णपणे बाजूला सारला. न्याय करणारा देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा, असे त्याचे म्हणणे होते. इ.स. १४४ च्या सुमारास रोम येथील ख्रिस्तसभेने त्याला आपल्या सहभागितेतून दूर केले. देव एकच आहे आणि त्याची शिकवणही एकच आहे, या सत्यावर ख्रिस्तसभा ठाम राहिली.

मग प्रभूने नवे काय केले? वध, व्यभिचार, सूटपत्र, शपथ, सूड आणि शत्रूशी वागणूक असे सहा विषय त्याने घेतले आणि प्रत्येक वेळी कृतीपासून तिच्या मुळापर्यंत तो पोहोचला. शेतकऱ्याला ठाऊक असते की तण वरून कापले तर पाऊस पडताच ते पुन्हा वर येते. ते मुळासकट उपटावे लागते. कायदा हात थांबवू शकतो, पण अंतःकरणात वाढणाऱ्या गोष्टीपर्यंत त्याचे हात पोहोचत नाहीत.

पाचव्या आज्ञेचे मूळ

येथे एक लहानसा खुलासा करणे उचित ठरेल. वधास मनाई करणारी ही आज्ञा आपण कॅथॉलिक संत ऑगस्टीन यांच्या क्रमानुसार पाचवी मानतो, तर आपले अनेक प्रॉटेस्टंट बंधूभगिनी तिला सहावी म्हणतात. आज्ञा एकच आहे, केवळ मोजण्याची पद्धत निराळी आहे.

पवित्र शास्त्रातील पहिला वध काइनाच्या हातून झाला (उत्पत्ती ४). त्या कथेचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. दोन भाऊ देवापुढे अर्पण आणतात. काइनाला राग येतो व त्याचे तोंड उतरते. पाप दाराशी टपून बसले आहे, त्याच्यावर ताबा मिळव, अशी सूचना देव त्याला आधीच देतो. हात उगारला जातो तो त्यानंतर. देवाने काइनाला रोखण्याचा प्रयत्न केला तो रागाच्या पायरीवर; कारण तेथून परत फिरणे अजून शक्य होते.

लेवीयाच्या पुस्तकातही आपल्या भावाचा मनात द्वेष करू नये, त्याची चूक त्याला उघडपणे सांगावी, सूड घेऊ नये व मनात आकस धरू नये, असे बजावलेले आहे (लेवीय १९:१७-१८). म्हणजे प्रभू येशू पर्वतावर जे सांगतो त्याचे बीज नियमशास्त्रातच होते. भावावर रागावणारा, त्याला तुच्छतेने हाक मारणारा आणि त्याला मूर्ख ठरविणारा अशा तिघांनाही तो न्यायास पात्र ठरवितो. माणसाला शब्दाने शून्य करणे हे त्याला जगातून नाहीसे करण्याच्या वाटेवरचे पाऊल आहे.

अर्पण तेथेच ठेव

यानंतर प्रभू जे उदाहरण देतो ते ऐकून त्याचे श्रोते चकित झाले असतील. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे याची तुला तेथे आठवण झाली, तर अर्पण तसेच ठेवून आधी समेट करून ये, असे तो सांगतो (मत्तय ५:२३-२४).

हे शब्द गालील प्रांतात उच्चारले गेले. अर्पणाची वेदी मात्र यरुशलेमच्या मंदिरात होती. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. पायी जाण्यास तीन-चार दिवस लागत. वेदीपर्यंत पोहोचलेल्या गालीलकराने उलट पावली घरी जायचे, भावाची भेट घ्यायची आणि पुन्हा यरुशलेमला यायचे! समेटाची किंमत प्रभूने किती मोठी ठरविली आहे हे यावरून ध्यानी येते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे प्रभू येथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणतो. "माझ्या मनात कोणाविषयी काही नाही," हे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही. दुखावलेल्या माणसाकडे आपण चालत जायचे आहे.

आद्य ख्रिस्तसभेने ही शिकवण उपासनेत उतरविली. 'दिदाखे' या प्राचीन ग्रंथात (अध्याय १४) ज्यांचा आपसांत तंटा आहे त्यांनी समेट होईपर्यंत प्रभुवारच्या मेळाव्यात सहभागी होऊ नये, नाहीतर अर्पण विटाळते, असा दंडक सांगितला आहे. संत जस्टीन यांनी इ.स. १५५ च्या सुमारास लिहिलेल्या वर्णनानुसार श्रद्धावंत आधी शांतीचे चुंबन देत आणि त्यानंतर भाकर व प्याला पुढे आणला जाई. पूर्वेकडील अनेक उपासनाविधींत आणि मिलानच्या अम्ब्रोसियन विधीत शांतीची देवघेव आजही अर्पणाशी निगडित आहे. आपल्या रोमन विधीत ती ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी येते. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिचे स्थान बदलावे काय, हा प्रश्न विचारार्थ ठेवला होता. २०१४ साली रोमहून ती आहे तेथेच ठेवण्याचा निर्णय कळविण्यात आला. स्थान कोणतेही असो, शेजारच्या बाकावरील व्यक्तीपुढे हात जोडताना आपण पाचवी आज्ञाच पाळत असतो किंवा मोडत असतो.

आपल्या घरांतील अबोला

आता स्वतःच्या घराकडे पाहू या. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, बांधावरून झालेली बाचाबाची, लग्नातील मानपान, आजारी आईवडिलांच्या खर्चाचा हिशेब. कारणे आपल्या परिचयाची आहेत. सख्खे भाऊ एकाच मंदिरात, एकाच मिस्साबलिदानाला, दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मुलांना काका ठाऊक असतात, पण काकांचे घर ठाऊक नसते. यांपैकी कोणीही कोणाचा वध केलेला नाही. तरीही "तो माझ्यासाठी मेला" हे वाक्य आपल्याकडे सहज उच्चारले जाते. त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे पाचव्या आज्ञेपाशी थांबून एकदा स्वतःला विचारावे.

समेट म्हणजे अन्याय निमूटपणे सोसणे नव्हे, हेही तितकेच स्पष्ट केले पाहिजे. हात वाळलेल्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभूने सभास्थानातील लोकांकडे रागाने पाहिले, परंतु त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे त्याला दुःखही झाले (मार्क ३:५). सूडाची इच्छा आणि द्वेष यांना कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ पाप म्हणतो. दोष सुधारावेत व न्याय राखला जावा यासाठी भरपाई घडवून आणणे मात्र तो स्तुत्य मानतो (परिच्छेद २३०२-२३०३). घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला केवळ 'क्षमा कर' असे सांगून पुन्हा त्याच छळात पाठविणे ही प्रभूची शिकवण नाही. तिला संरक्षण मिळणे हीसुद्धा पाचव्या आज्ञेचीच मागणी आहे. शिवाय दुसरी बाजू दार उघडीलच, असेही नाही. तुमच्याकडून होईल तेवढे सर्वांबरोबर शांतीने राहा, अशी मर्यादा संत पौल स्वतःच घालून देतो (रोमकरांस १२:१८). हक्क न्यायालयात मागावा लागला, तरी भाऊ हा भाऊच राहतो.

दगडावरून अंतःकरणावर

हे सारे ऐकून मन दडपून जाणे स्वाभाविक आहे. हात आवरता येतो, पण मन कसे आवरावे? याचे उत्तर यिर्मया संदेष्ट्याने दिले आहे. परमेश्वर आपले नियमशास्त्र लोकांच्या अंतर्यामी ठेवील आणि त्यांच्या हृदयावर लिहील, असे अभिवचन त्याने सांगितले (यिर्मया ३१:३३). संत थॉमस अक्वायनस यांनी नव्या कराराचा नियम म्हणजे मुख्यतः श्रद्धावंतांना मिळणारी पवित्र आत्म्याची कृपाच होय, असे शिकविले. येथेही क्रम सिनायचाच आहे : आधी मुक्ती, मग आज्ञा. देवाने आपल्याला आधी क्षमा केली आहे, त्या क्षमेच्या बळावर आपण भावाच्या दारापर्यंत चालत जाऊ शकतो. प्रायश्चित्त संस्कार हा त्या वाटेवरील पहिला मुक्काम आहे.

म्हणून पुढील पापनिवेदनाच्या वेळी पाचव्या आज्ञेपाशी थोडे अधिक थांबावे. ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशा एका व्यक्तीचे नाव प्रार्थनेत घ्यावे. शक्य असल्यास रविवारच्या मिस्सापूर्वी एक फोन करावा, एक निरोप धाडावा किंवा नुसती चौकशी करावी. गालीलच्या माणसाला त्यासाठी शंभर किलोमीटर चालावे लागले असते. आपला भाऊ बहुधा बांधापलीकडेच राहतो.