जहाज-प्रतिकृती

जहाज-प्रतिकृती : प्रत्यक्षातील वा कल्पनेतील जहाजाची विशिष्ट प्रमाणात केलेली लहान आवृत्ती. तयार भागांचा संच जोडून ती करता येते. परंतु लाकूड, पुठ्ठा, बांबू, सूत यांतून प्रत्येक भाग स्वतः घडविणे हे या कलेचे अधिक कष्टसाध्य अंग होय.

ईजिप्तमध्ये मेकेट्रे याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २०००) लाकडी नौकांच्या रंगविलेल्या प्रतिकृती १९२० मध्ये सापडल्या. लोथल येथील उत्खननातही मातीच्या लहान नौका मिळाल्या आहेत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून युद्धनौकांच्या प्रतिकृती बहुधा १:४८ या प्रमाणात होत. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांच्या लढाईस नियमबद्ध रूप दिले. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘वॉरहॅमर’ सारख्या खेळांमुळे कल्पित सैन्ये व त्यांची जहाजे घडविण्याचा छंद वाढला.

प्रमाण : लघुसेनेसाठी जहाज करताना सैनिकाची उंची हेच मूळ माप असते. २८ मिमी. उंचीचा सैनिक सु. १:६० प्रमाणाचा मानल्यास ३० मी. लांबीचे जहाज ५० सेंमी. होते. दिवाळीच्या किल्ल्यावरील ७ सेंमी. उंचीच्या मावळ्यासाठी तेच जहाज सु. सव्वा मीटर लांब करावे लागेल. म्हणून लांबी आखूड करण्याची सवलत घेतात. मात्र कठडे, दारे, शिड्या व तोफा सैनिकाच्या मापाच्याच ठेवाव्या लागतात. तसे न केल्यास जहाज खेळण्यासारखे दिसते.

रचना : सांगाडा-पद्धतीत कण्यावर ठराविक अंतराने फासळ्या उभ्या करून त्यांवर पातळ पट्ट्या बसवितात. पट्टी भिजवून वाकविल्यास मोडत नाही. दोन्ही बाजूंना आळीपाळीने पट्ट्या लावतात. एकच बाजू आधी पूर्ण केल्यास कणा पिळला जातो. दुसऱ्या पद्धतीत सारख्या जाडीच्या फळ्या एकावर एक चिकटवून बाहेरून तासतात. डोलकाठीसाठी बांबूची सरळ काडी, शिडासाठी तलम सुती कापड व दोरखंडांसाठी पीळदार सूत वापरतात.

रंगकाम : पृष्ठभाग काचकागदाने घासून प्रथम अस्तराचा रंग देतात. त्यावर मूळ रंगाचे पातळ हात देतात. नंतर फार पातळ केलेला गडद रंग फटींत उतरवितात आणि अखेरीस जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग फिरवितात. त्यामुळे लहान वस्तूवरही छायाप्रकाश स्पष्ट होतो. जे भाग जोडणीनंतर हाताशी येत नाहीत, ते आधीच रंगवावे लागतात.

महाराष्ट्रातील परंपरा : राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाज-प्रतिकृती हा शिक्षणाचा व स्पर्धेचा विषय आहे. समुद्रापासून दूर असलेल्या नागपूरसारख्या शहरातील छात्रांना जहाजाच्या अंगोपांगांची ओळख बहुधा अशा प्रतिकृतींतूनच होते. नागपुरातही दिवाळीत किल्ले करण्याची प्रथा असून जलदुर्गाच्या देखाव्यात मराठा आरमाराच्या नौकांना स्वाभाविक स्थान आहे.

या नौकांच्या प्रतिकृतींना विशेष महत्त्व आहे. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठा आरमारातील मूळ गुराब आज पाहावयास मिळत नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी वर्णनांनुसार गुराब रुंद, उथळ तळाची व दोन वा तीन डोलकाठ्यांची असे. दोन डोलकाठ्यांची गुराब सु. १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सु. ३०० टनांची असे. पुढे लांब नाळ काढलेली असून दोन तोफांचा मारा तिच्यावरून होई. गलबत लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे व ४०–५० वल्ह्यांचे असे. मात्र दोरखंडांची नेमकी मांडणी वा रंग एवढ्यावरून ठरविता येत नाहीत. कोकणात लाकडी होड्यांना माशाचे तेल लावीत. त्या आधारे तेलकट तपकिरी छटा निवडणे भडक रंगांपेक्षा सयुक्तिक ठरते, पण तोही अंदाजच होय.

कल्पित सैन्याच्या जहाजात कारागिराला पूर्ण मोकळीक असते. ऐतिहासिक नौकेत मात्र आधार असलेला भाग कोणता व अनुमानाने भरलेला कोणता, हे प्रतिकृतीसोबतच्या फलकावर नोंदविणे आवश्यक असते. तशी नोंद नसल्यास पाहणारा अनुमानालाच इतिहास समजतो आणि पुढील कारागीर त्याचीच नक्कल करतो.