विश्लेषण : परग्रहवासीयांची ‘उलटी’ भाषा कशी तयार झाली?

‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतील क्लिंगॉन योद्ध्यांची भाषा मुद्दाम विचित्र बनवण्यात आली. शब्दकोश, व्याकरण असलेली ही भाषा आज मोबाइल ॲपवरही शिकता येते. तिच्यात नेमके वेगळे काय आहे?

भाषा कोणी घडवली?

१९८४च्या ‘स्टार ट्रेक ३’साठी अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी ती विकसित केली. १९८५मध्ये शब्दकोश आला. भाषा परकी वाटावी, पण अभिनेत्यांना उच्चारता यावी, ही अट होती.

विचित्रपणा कशात?

मराठीत ‘ट’ आणि ‘ड’ या दोन्हींसाठी जीभ मागे वळते. क्लिंगॉनमध्ये ‘ड’साठी वळते, ‘ट’साठी वळत नाही. ‘क’ तर नाहीच. त्याऐवजी घशाजवळून काढायचे दोन आवाज आहेत. यातला प्रत्येक आवाज कोणत्या ना कोणत्या मानवी भाषेत सापडतो. विचित्र आहे ती त्यांची मोट.

वाक्य उलटे का?

क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. मराठीत ‘आंबा खाल्ला रामाने’ म्हटले तरी ‘ने’मुळे कर्ता कळतो. क्लिंगॉनमध्ये असा प्रत्यय नाही, क्रमच अर्थ ठरवतो. ‘कुत्रा पाहतो माणूस’ या क्रमाचा अर्थ तिथे ‘माणूस कुत्र्याला पाहतो’ असा होतो. जगातल्या फारच थोड्या भाषांचा हा मूळ क्रम आहे, म्हणूनच ओक्रँड यांनी तो निवडला.

मग ही रचना अमानवी आहे का?

नाही. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या जंगलात काही शेकडो लोक बोलतात ती हिश्कर्याना भाषा याच क्रमाने चालते. अशी भाषा नसावी, असाच अभ्यासकांचा समज होता. डेस्मंड डर्बिशर यांनी १९७७मध्ये हिश्कर्यानाचा दाखला देऊन तो खोडून काढला. ही छोटी भाषा नोंदवण्याआधीच लोपली असती, तर ‘माणसे असे बोलूच शकत नाहीत’ हा गैरसमज आणखी टिकला असता.

नोंदींचा उपयोग काय?

याचे उत्तर ओक्रँड यांच्याच कामात आहे. त्यांचा पीएचडीचा प्रबंध कॅलिफोर्नियातील मुत्सून भाषेच्या व्याकरणावर होता. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती १९३०मध्ये वारली होती, त्यामुळे त्यांनी जुन्या नोंदींवरून व्याकरण मांडले. आज मुत्सून समाजातील लोक अशाच नोंदींच्या आधारे आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.