बेगमी आणि उचल

मृगाच्या सरी येण्यापूर्वीं कोकणांतील घरांत एक ठरलेली लगबग चालते. उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलें, वाळविलेली मासळी, फणसाच्या आठळ्या आणि चुलीसाठीं सुकें लांकूड यांची चार महिन्यांची तरतूद वैशाखांतच करून ठेवावयाची, ही तेथील जुनी रीत. तिला बेगमी म्हणतात. आधीं सांठवावें आणि मग खावें, हें तिचें सूत्र. बँकेच्या ओव्हरड्राफ्टचें सूत्र नेमकें उलट आहे : आधीं खावें आणि मग भरावें. बेगमी केलेल्या घराला पाऊस लांबला तरी स्वस्थ झोप येते. उचलीवर चालणाऱ्या घराला पगाराचा दिवस उजाडला तरी चैन पडत नाहीं. ज्या कुटुंबाची एक चूल शहरांत आणि दुसरी गांवीं आहे, त्यानें तर हा फरक विशेषच ओळखला पाहिजे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नांदगांवाचें उदाहरण घ्यावें. मुंबई-गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता फुटतो तो येथेंच. कणकवली तालुक्यांतील इतर गांवांप्रमाणें याहि गांवचीं माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं आणि एके काळीं मुंबईची मनिऑर्डर आली म्हणजे गांवच्या घराला आधार मिळे. 26 जानेवारी 1998 रोजीं कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. 'नांदगांव रोड' हें त्याच मार्गावरील स्थानक होय. जाणें-येणें सोपें झालें म्हणजे जुन्या घराकडे लक्ष जातें. गळक्या कौलांच्या जागीं नवें छप्पर, खचलेल्या भिंतीला नवे चिरे, घरांत नळ आणि न्हाणीघर अशीं कामें निघतात. घर नीटनेटकें होतें. परंतु गवंडी आणि सुतार निघून गेल्यावर त्या कामाचें ओझें शहरांतील पगारावर उचलीच्या रूपानें मागें राहतें.

ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यांत शिल्लक नसतांनाहि ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची बँकेनें दिलेली मुभा. तिच्यासाठीं मुदतठेव, घर किंवा सोनें तारण घेतात. कधीं केवळ पगाराच्या भरवशावरहि ती मिळते. जेवढी रक्कम प्रत्यक्ष उचलली तेवढीवरच, आणि ती जितके दिवस राहिली तितक्याच दिवसांचें व्याज लागतें, हा तिचा गुण. साध्या कर्जाप्रमाणें मुद्दलाचा ठरीव हप्ता बहुधा नसतो, हा तिचा मोह. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें 1 एप्रिल 2002 पासून शेतीखेरीज इतर कर्जांवर व्याजाची आकारणी दरमहा होऊं लागली. म्हणून एका महिन्याचें न भरलेलें व्याज दुसऱ्या महिन्यांत मुद्दलाच्या पंक्तीला जाऊन बसतें.

या सोयीचा आरंभ 1728 सालीं स्कॉटलंडांत झाला असें मानतात. एडिंबरोच्या विल्यम हॉग नांवाच्या व्यापाऱ्याला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनें त्याच्या शिलकीहून 1,000 पौंड अधिक काढण्याची परवानगी दिली. व्यापाऱ्याचें देणें आजचें असतें आणि येणें उद्यांचें. मधली खिंड ओलांडण्यासाठीं ही योजना होती. नांदगांवच्या तिठ्यावरून उन्हाळ्यांत देवगड हापूसच्या पेट्यांनीं भरलेल्या गाड्या जातात. त्या आंब्याच्या बागाईतदाराचाहि व्यवहार असाच आहे. खत, फवारणी आणि राखण यांचा खर्च आधींचे कित्येक महिने चालू असतो. पैसा मात्र मार्च ते मे या दिवसांत हातीं येतो. त्याची उचल समजण्यासारखी आहे, कारण तिच्या मागें मोहरलेलें झाड उभें असतें. ठरीव पगाराच्या कुटुंबामागें असें कोणतेंच पीक उभें नसतें. पुढील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या खर्चालाच बांधलेला असतो. म्हणून अशा घराची उचल काळ लोटल्यानें फिटत नाहीं. ती घरखर्चांतून वाचवूनच फेडावी लागते.

आतां आंकडे पाहूं गेल्यास गोष्ट अधिक स्पष्ट होते. समजा, गांवच्या घरासाठीं एका कुटुंबानें 1,80,000 रुपयांची उचल केली आणि व्याजाचा दर शेंकडा 12 आहे. याचें व्याज दररोज सुमारें 59 रुपये, म्हणजे जवळजवळ लिटरभर दुधाची किंमत. आणि दरमहा सुमारें 1,800 रुपये. कुटुंबानें केवळ व्याजच भरीत राहावयाचें ठरविलें, तर दहा वर्षांत 2,16,000 रुपये भरूनहि मुद्दल एका रुपयानें कमी होणार नाहीं. त्याच कुटुंबानें नेमानें दरमहा 6,000 रुपये भरले, तर सुमारें 36 महिन्यांत खातें मोकळें होतें आणि व्याजापायीं सुमारें 35,000 रुपये जातात. 9,000 रुपये भरले तर 23 महिने पुरतात आणि व्याज 22,000 रुपयांच्या आसपास होतें. दरमहा तीन हजारांची अधिक काटकसर वर्षाहून अधिक काळाची चिंता हलकी करते.

येथें एक चूक पुष्कळ शहाण्या घरांतहि आढळते. एका खात्यांत उचल चालू असतांना दुसऱ्या बचतखात्यांत, अडीअडचणीसाठीं म्हणून, मोठी रक्कम स्वस्थ पडलेली असते. शेंकडा 3 दरानें 40,000 रुपयांवर महिन्याला 100 रुपये व्याज मिळतें. आणि तेवढ्याच उचलीवर 400 रुपये द्यावे लागतात. आजारपणासाठीं थोडी रक्कम हाताशीं असावी, हें खरें. परंतु तीहून अधिक असेल ती उचलीच्या खात्यांत भरणेंच हिताचें. तसेंच, पगार जमा होतांच तो उचलीच्या खात्यांत भरून खर्च लागेल तसा काढला, तर मधल्या दिवसांचें व्याज वांचतें. हा लाभ लहान आहे आणि जो हात राखून काढूं शकतो त्यालाच तो मिळतो, हेंहि विसरूं नये.

मुंबईतील कोकणी आणि इतर मध्यमवर्गीय कुटुंबांना ऋणाची अडचण नवी नाहीं. 1904 सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्यानंतर 1906 सालीं मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था निघाली आणि 1918 सालीं सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी स्थापन झाली. घरांतील विवाह, आजारपण आणि जुन्या कर्जाची फेड अशा प्रसंगीं सभासदांना तात्पुरतें साहाय्य द्यावें, हा सारस्वत सोसायटीचा मूळ हेतु होता. अशा पतसंस्थांच्या कर्जाला कारण सांगावें लागे, जामीन द्यावा लागे, हप्ता ठरलेला असे. जामीन राहणारा बहुधा ओळखीचाच. त्याची भीड हीच मोठी शिस्त होती. ओव्हरड्राफ्ट कोणालाहि कारण विचारीत नाहीं. म्हणून जी शिस्त पूर्वीं जामीनदार लावी, ती आतां घरानें स्वतःला लावून घ्यावी लागते.

तिची पहिली पायरी म्हणजे एक महिनाभर पै-पैचा जमाखर्च लिहिणें. त्यावरून खर्चाचे तीन भाग सहज पडतात. शिधा, दूध, औषध, मुलांचें शिक्षण, घरकामाच्या बाईंचा पगार आणि गांवीं राहणाऱ्या वडील माणसांची रक्कम हा पहिला भाग; याला हात लावूं नये. औषध टाळून वांचविलेला पैसा पुढें दुप्पट होऊन जातो, आणि मोलकरणीच्या पगारांतून केलेली काटकसर ही काटकसरच नव्हे. रंगकाम, नवें सामानसुमान, मोठा प्रवास हा दुसरा भाग. तो कर्ज फिटेपर्यंत पुढें ढकलावा. बाहेरून मागविलेलें जेवण, क्वचित् पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची वर्गणी, थोड्या अंतरासाठीं केलेली टॅक्सी हा संवयीचा तिसरा भाग. फेडीची बरीचशी रक्कम येथेंच दडलेली असते. गणपति तर कोकणांतील घराला सुटावयाचे नाहींत, आणि सुटूंहि नयेत. परंतु मूर्ति लहान असल्यानें भक्ति लहान होत नाहीं; आणि सणाचा खर्च भावाभावांनीं आधींच वांटून घेतला, तर तो एकाच्याच उचलीवर पडत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हें ऋण घरांत सर्वांना माहीत असावें. पुष्कळ ठिकाणीं कर्ज पुरुषाच्या खिशांत असतें आणि काटकसर मात्र बाईच्या स्वयंपाकघरांत करावी लागते. जिला रक्कम ठाऊक नाहीं तिला भाजीत कपात करावयास सांगितली, तर तिला तो अविश्वास वाटतो. जिला ती ठाऊक आहे ती स्वतःच चार वाटा सुचविते. मोठ्या मुलांनाहि विश्वासांत घ्यावें. व्याजाचा हिशेब त्यांनीं शाळेंत केलेला असतो; तो घरांत खरा ठरतांना पाहणें, हें चांगलें शिक्षण आहे.

वांचविलेले पैसे पगाराच्या दिवशींच भरावेत. महिनाअखेर उरेल तें भरूं म्हटलें, तर बहुधा कांहींच उरत नाहीं. आणि भरणा झाला तरी मर्यादा तशीच राहिली, तर भरलेले पैसे पुन्हां काढतां येतात. बांध फुटलेल्या मळ्यांत पाणी सोडण्यासारखेंच तें आहे. म्हणून दर सहा महिन्यांनीं बँकेस लेखी पत्र देऊन उचलीची मर्यादा फिटलेल्या रकमेइतकी कमी करून घ्यावी. शेवटीं खातें बंद करून बेबाकीचा दाखला आणि तारण ठेवलेले कागद परत घ्यावेत. घरासाठीं घेतलेलें कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्तऐवज 30 दिवसांच्या आंत परत मिळावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागूं आहे.

खातें मोकळें झाल्यावरहि तीच 6,000 रुपयांची रक्कम आणखी वर्षभर बाजूला टाकीत जावें. घराला तिच्यावांचून चालविण्याची संवय झालेलीच असते. वर्षाअखेर 72,000 रुपये सांठतात. मग पुढील वेळीं नांदगांवच्या घराचें छप्पर शाकारावयाचें झालें, तर त्याचा पैसा मृगापूर्वींच घरांत असेल. उचलीनें उभारलेल्या घरांत बेगमी पुन्हां आली, म्हणजेच तें घर खरोखर आपलें झालें.