देवडीवरच्या पाकोळ्या

औशाचा किल्ला भुईकोट. दुहेरी तट, भोवती खंदक. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले घेतले, एवढी नोंद इतिहासात सापडते. दरवाजातून आत जाताना मान वर केली, तर मात्र कमानीच्या पोटाशी दुसरीच वस्ती दिसते. पिसे आणि काड्या यांची, एकाला एक चिकटलेली मळकट घरटी. ही पाकोळ्यांची.

काही लोक लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात. म्हणून कंधार-उदगीरकडे कुणी 'किल्ल्यात पाकोळ्या आहेत' म्हणाले, की मी आधी विचारतो, दिवसा उडणाऱ्या की रात्रीच्या?

दिवसाची पाकोळी चिमणीएवढी, काळसर. गळा आणि शेपटीच्या वरचा पट्टा पांढरा. तिच्या पायाची चारही बोटे पुढे वळलेली असतात, त्यामुळे तिला तारेवर, फांदीवर बसता येत नाही. खडबडीत उभ्या दगडाला ती लटकते. तिच्या शास्त्रीय नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'पाय नसलेला'. हवेत तरंगणारे पीस ती उडता उडता टिपते आणि लाळेने दगडाला डकवते. (वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर तिची एक भाऊबंद राहते, तिचे घरटे तर जवळपास नुसत्या लाळेचे.) घरट्यातून निघताना पाकोळी खाली झेपावते, त्यासाठी पायाखाली मोकळी उंची हवी. हत्ती जावा म्हणून उंच ठेवलेल्या कमानीने ती सोय आयतीच केली.

पाकोळी काँक्रीटच्या पुलाखालीही राहते. तेव्हा किल्ल्यावाचून तिचे अडेल असे मी म्हणणार नाही. अडते ते चिमणीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच औसा तालुक्यातली दगडमातीची, माळवदाची घरे माणसांच्या अंगावर आली. त्यानंतरची घरे वेगळी बांधली गेली, ते योग्यच झाले. पण माळवदाच्या लाकडांमधल्या सांदी आणि भिंतीतली भगदाडे गेली, तिथेच चिमणी राहत होती. चिमणी पाकोळीचे तयार घरटे बळकावते, हे पक्षिनिरीक्षकांना ठाऊक आहे. म्हणजे कमानीवरचा एक पुंजका खरवडला, तर दोन बिऱ्हाडे उठतात.

किल्ल्यांची डागडुजी व्हायलाच हवी. दगडांच्या दर्जा उघड्या पडल्या की पाणी आत शिरते, पिंपळ रुजतो. प्रश्न वेळेचा आहे. पाकोळीची वीण साधारण फेब्रुवारीपासून पावसाळा सरेपर्यंत चालते, आणि मोठ्या दुरुस्त्या बहुधा निघतात त्या उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या पिलांच्या दिवसांत. वीण संपली तरी घरटी रिकामी पडत नाहीत; रात्रीच्या मुक्कामाला पाकोळ्या तिथेच येतात आणि पुढल्या वर्षी तीच डागडुजी करून वापरतात. तेव्हा दर्जा चुन्याने भराव्यात, नोव्हेंबर ते जानेवारीत भराव्यात, आणि घरट्यांखालचा दगड पक्का असेल तर तेवढा हातभर पट्टा तसाच सोडावा. विष्ठा पडते ही तक्रार खरी आहे. तिला खराटा पुरतो.